चार पानांचं रसग्रहण

रायापूर, धारवाड
गुरुवार, २० मार्च २०२५

प्रिय गोपाळ यास,
अण्णाचा सलाम.

इकडे सगळं ठीक आहे. ऊन तापायला लागलंय, नळाचं पाणी आठ दिवसांनी येतं, आणि माझा उजवा गुडघा पायरी दिसली की आधी कुरकुरतो. दीपश्रीनं पाठवलेली शेंगाची चटणी पोचली. तिला सांग, लसूण यंदा बेताचा पडलाय, बरं झालं.

तू म्हणशील, हुबळी ते रायापूर चिगरी बसनं अर्धा तास, खिशात फोन आहे, आणि हा माणूस पत्र काय लिहितो. तुझे चार फोन आले, मी उचलले नाहीत हे खरं. फोनवर तू पाळकाच्या आवाजात बोलतोस. त्या आवाजाला मधे तोडता येत नाही, शेवटी 'आमेन' म्हणावं लागतं. कागदावर माझं वाक्य मला पुरं करता येतं.

तुझा मंगळवारचा मेसेज मी पाच-सहा वेळा वाचला. "अण्णा, रविवारी भक्तीनंतर चर्चची कमिटी बसेल. मायानं घटस्फोटाचा अर्ज मागे घेऊन संजीवकडे परत जावं. नाहीतर ईस्टरच्या प्रभुभोजनाच्या यादीतून तिचं नाव काढावं लागेल. शास्त्राचं म्हणणं स्पष्ट आहे. संजीवनं आणून दिलेला तो कागदही मी कमिटीपुढे वाचणार आहे. तो काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे." आणि खाली जोडलेले हात, एक पिवळं फूल.

सख्ख्या पुतणीबद्दल लिहिताना फूल कसलं रे घालतोस?

कागदाकडे मी येणार आहे. टाळत नाही. पण आधी तुझा तो 'स्पष्ट' शब्द घेऊ, कारण दोन दिवस तो माझ्या दातात अडकल्यासारखा झालाय.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. शाळेची ती खोली अजून डोळ्यांसमोर येते. दुपारचं ऊन तिसऱ्या बाकापर्यंत यायचं, खडूची धूळ त्यात तरंगायची, आणि चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची. निम्मी पोरं घरी कानडी बोलणारी. अर्थ एकाला कळत नसेल, पण सूर असा लागायचा की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. मला वाटायचं, अर्थ काय, तो मागून येईल. आयुष्यभर मला असंच वाटत आलं.

तुलाही मीच शिकवलं. रेल्वे क्वार्टर्समधला तो पिवळा दिवा, आईच्या मांडीवर तू, सहा वर्षांचा. संडे स्कूलची सुवर्णवचनं तुझ्या तोंडी बसत नव्हती म्हणून मी त्यांना चाल लावली. तू डोलत डोलत म्हणायचास आणि दरवर्षी बक्षीस आणायचास. एकदा बाबांनी विचारलं, "गोप्या, याचा अर्थ काय?" तू म्हणालास, "अर्थ अण्णाला माहीत आहे." सगळे हसले. मीही हसलो. आज तू बासष्टाचा झालास, अंगात पांढरा झगा, आणि अजून तू डोलत डोलतच म्हणतोस.

स्पष्ट असेल, तर दर रविवारी तू चाळीस मिनिटं काय करतोस तिथे उभा राहून? शास्त्रपाठ पाच मिनिटांचा असतो. तो ऐकून लोकांनी उठून घरी जावं.

मी चौदा वर्षांचा असल्यापासून एका गोष्टीचा राग धरून आहे, ती तुला कधी सांगितली नाही. प्रभू डोंगरावर, सरोवरावर, हजारो लोकांना दाखले सांगतो. पेरणाऱ्याचा, खमिराचा, जाळ्याचा. लोक ऐकतात आणि घरी जातात. मग शिष्य मागे राहतात आणि एकांतात विचारतात, की याचा अर्थ काय. त्यांना तो नीट फोड करून सांगतो. वर असंही म्हणतो की बाहेरच्यांना हे दाखल्यांतच मिळेल, त्यांनी ऐकावं पण त्यांना उमगू नये. मी तेव्हाही विचार करायचो, त्या गर्दीत एखादी बाई असेल. सकाळी भाकऱ्या थापून, पोर काखोटीला मारून तीन कोस चालत आलेली. ती काय घेऊन परत गेली? तिला एकांतात कोण भेटलं?

मी असा पेपर काढला असता, की वर्गातल्या बारा जणांनाच कळेल आणि बाकीच्यांना कळू नये, तर हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं असतं.

 

आता तुझं स्पष्ट वचन. देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये. मान्य. पण आमच्या पेपरात तीन मार्कांचा एक प्रश्न असायचा, कोण कोणास व केव्हा म्हणाले. नुसतं वाक्याचं कौतुक लिहिलं तर मी शून्य द्यायचो. तर सांग, हे कोण कोणास म्हणालं? विचारायला आले होते ते पुरुष होते. बायकोला कोणत्याही कारणानं टाकता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना मिळालेलं हे उत्तर आहे. बायकांना रस्त्यावर सोडू नका, असं त्यांना बजावलंय. तू तेच वाक्य उचललंस आणि जिच्या कानाचा पडदा फाटलाय तिच्या तोंडावर दारासारखं बंद केलंस.

तिचा डावा कान गेला, हे तुझ्या कमिटीला माहीत आहे का? माया अकरा वर्षं तुमच्या भक्तीत कीबोर्ड वाजवते. मागच्या ऑगस्टपासून तिनं गायकवृंदाला उजव्या बाजूला उभं करायला सुरुवात केली. आठ महिन्यांत एकानं विचारलं नाही, का. संजीव मात्र दानाची पिशवी फिरवत तिच्याजवळून जातो आणि सगळ्यांना वाटतं, काय सोसतोय बिचारा. दाजीबानपेठेत होलसेल कापडाच्या दुकानात मॅनेजर, गोड बोलणं, पांढरा शर्ट. अशा माणसाबद्दल कोण काय ऐकून घेणार.

आणि तू मला गेल्या महिन्यात काय म्हणालास? "यल्ला क्लियर अद, अण्णा. सगळं क्लियर आहे. तुम्हीच उगाच गुंतागुंत करता, मास्तर आहात म्हणून."

ठीक. तर त्या कागदाबद्दल.

एक जानेवारी दोन हजार तेवीस, रविवार होता. नव्या वर्षाची भक्ती संपल्यावर तू नेहमीप्रमाणे वचनांच्या कार्डांचं ताट फिरवलंस. प्रत्येकानं डोळे मिटून एक कार्ड उचलायचं आणि ते वचन वर्षभर आपलं. आपल्याकडे लोक त्या कार्डावर लग्नं ठरवतात, ऑपरेशनं पुढं ढकलतात, गावं सोडतात. संजीवनं काढलं ते शत्रूंवर विजय मिळण्याचं होतं. ते त्यानं दुकानात गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय, मी पाहिलंय. मायाच्या हाताला आलं ते प्रीतीचं. प्रीती सगळं सोसते, सगळ्याची आशा धरते.

तिनं त्या कार्डाचा फोटो काढून मला पाठवला. खाली एक ओळ. "अप्पा, याचा अर्थ काय लावायचा?"

मी काय केलं? सुभाष रोडवर गेलो, चांगला जाड कागद आणला, पेनात शाई भरली आणि चार पानांचं रसग्रहण लिहिलं. पृथ्वी सोसते, म्हणून अंकुर फुटतो. शिंपला सोसतो, म्हणून मोती होतो. मला अजून पाठ आहे. दुसऱ्या पानावर तर मी तिच्या आईलाही आणलं, कुसुमावतीनं माझे रुसवेफुगवे चाळीस वर्षं कसे हसत झेलले म्हणून. लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं आणि माझे डोळे भरून आले. आपल्या लिहिण्यानं भरून आलेले डोळे, गोपाळ. वर्गातही असंच व्हायचं.

माया त्यानंतर दीड वर्ष त्या घरात राहिली. निघाली तेव्हा सर्टिफिकेटं आणि दोन साड्या घेऊन इथे माझ्याकडे आली, बायबल तिथेच राहिलं, आणि त्यात माझा कागद. संजीवला तो सापडला. बापानंच लिहून दिलंय, याहून काय हवं.

जिथे मी पोरांचे मार्क कापायचो, तिथेच मी नापास झालो. ते प्रीतीचं प्रकरण करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. ती मंडळी कशी होती? आपसात भांडणारी, माझं दान मोठं की तुझं, म्हणून छाती काढणारी. श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब यायच्या आत ताट रिकामं. त्यांना पौलानं झापलंय. प्रीती चिडत नाही, फुगत नाही, आपलंच खरं करत नाही. हे ज्याचा हात उठतो त्याला सांगितलेलं आहे. ते कार्ड संजीवच्या हाताला यायचं होतं. दुसऱ्याच्या नावचं पत्र आपण फोडलं आणि ते वाचून माझ्या पोरीला शिक्षा ठोठावली.

आणि देवाला हे दिसत नव्हतं का? एका ताटात दीडशे कार्डं. एवढं तर त्याला करता आलं असतं.

चूक माझी आहे, मी संदर्भ सोडला. हे मी रविवारी कमिटीपुढे सांगायला तयार आहे. पण तू तो कागद

शुक्रवार, सकाळ

काल इथे थांबलो. वाक्य अर्धंच राहू देतो, कारण आता ते पुरं करण्यात अर्थ नाही.

आज सकाळी पानं टेबलावर चष्म्याच्या घराखाली ठेवून मी नळाला पाणी आलं का ते बघायला गेलो. परत आलो तर माया खिडकीशी उभी राहून वाचत होती. ऑफिसला निघायची वेळ, खांद्याला पर्स, केस अजून ओले.  तिनं शेवटचं पान उलटं करून बघितलं, मागे काही आहे का म्हणून.

"काकांना एवढं मोठं पत्र?"

"वाचलंस?"

"करिंथच्या लोकांची भांडणं वाचली. गणिताचे मास्तर वाचले."

मी म्हटलं, "चूक कबूल केली आहे त्यात. संदर्भ न बघता अर्थ लावला मी. त्या अर्थाच्या नादानं तू दीड वर्ष तिथे..."

"साकु, अप्पा. पुरे." तिनं पर्स खाली ठेवली. "तुमचा अर्थ वाचून मी राहिले, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग?"

"मी काय दहावीला बसले होते? रसग्रहण विचारलं होतं मी?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्याच्या आदल्या नोव्हेंबरात मी इथे आले होते. बाही वर करून तुम्हाला दंड दाखवला होता. तुम्ही आत जाऊन बाम घेऊन आलात आणि म्हणालात, अंधारात धडपडलीस का. आठवतं?"

मी मान हलवली.

"मग जानेवारीत कार्ड पाठवलं. मी विचारत होते, घरी येऊ का. सरळ विचारायची लाज वाटली म्हणून तसं विचारलं. तुमचं उत्तर आलं, ते पहिल्या पानातच कळलं मला. येऊ नकोस. अगदी स्पष्ट होतं, अप्पा. पुढची तीन पानं मी वाचलीसुद्धा नाहीत."

मी म्हटलं, "मग ठेवलंस कशाला ते, बायबलात?"

"तुमचं अक्षर छान आहे. आईला आवडायचं." तिनं पर्स उचलली. "आणि ते शिंपल्याबिंपल्याचं आता काकांच्या तोंडून ऐकायला लागणार कमिटीला. दमा आहे त्यांना, चौथ्या पानापर्यंत पोचायचे नाहीत."

हे म्हणून ती हसली आणि बस पकडायला गेली. मी तिथेच खुर्चीत बसलो. नळाला पाणी येऊन गेलं, मी बादली लावली नाही.

गोपाळ, तिला कळलं ते बरोबर होतं.

आता लिहितोच. नोव्हेंबरात मी तो दंड पाहिला तेव्हा मला सगळं समजलं होतं. चार बोटं उमटली होती, अंधारात धडपडून चार बोटं उमटत नाहीत. आणि जानेवारीत तो फोटो आला, तेव्हा त्या एका ओळीत काय विचारलंय तेही समजलं होतं. जन्मभर ओळींच्या आतलं वाचायचं काम केलेला माणूस मी. कुसुमावतीला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घर शांत झालं होतं. दुपारी जेवून पडायचं, छातीवर एखादं पुस्तक, पंख्याचा आवाज, आणि जुन्या कविता मनात म्हणत डोळा लागायचा. मला ती दुपार सोडायची नव्हती. माया आली असती म्हणजे संजीव दारात आला असता, त्याचे भाऊ आले असते, तू आला असतास, मंडळीतल्या बायका सांत्वनाला आल्या असत्या. पोलीस, वकील. माझ्या मुलीच्या दंडाची आणि माझ्या दुपारच्या झोपेची मी तुलना केली आणि सुभाष रोडवर जाऊन जाड कागद आणला.

मी शास्त्राचा अर्थ चुकवला नाही. शास्त्राच्या आड उभा राहिलो. काल लिहिलेली तीन पानंही तेच आहेत. राग खरा आहे, त्यातला शब्द मागे घेत नाही. पण तो राग तुझ्यावर, पौलावर, त्या कार्डांच्या ताटावर काढत बसलो, म्हणजे तो स्वतःवर काढायची पाळी येऊ नये.

देव स्पष्ट बोलतो की नाही, मला अजून कळलेलं नाही. कधीकधी वाटतं, त्याचं ऐकायला येतं तेवढं पुरेसं आहे आणि उरलेली गुंतागुंत आपल्यासारखे लोक आपल्या सोयीनं घालतात. कधी वाटतं, नाही, त्यानंही थोडं सोपं बोलायला हरकत नव्हती, त्या भाकऱ्या थापून आलेल्या बाईसाठी. माझं त्याच्याशी भांडण आहे आणि ते मी त्याच्याशीच पुरं करीन. त्याचा जबाब तुझ्याकडून घेणार नाही.

रविवारी मी येतोय. सकाळी पहिल्या चिगरीनं निघेन, भक्तीला मागच्या बाकावर बसेन. माया येणार नाही. तिनं निरोप सांगितलाय, "नाव ठेवा नाहीतर काढा, मला सोमवारी कोर्टात तारीख आहे, तिची तयारी करायची आहे." अर्ज ती मागे घेणार नाही. हे तू आजच संजीवला कळवलंस तर रविवारचा वेळ वाचेल.

तो कागद तू वाचू नकोस. माझं अक्षर आहे, मी वाचतो. चारही पानं, पृथ्वी, शिंपला, मोती, सगळं, ज्या आवाजात लिहिलं त्याच आवाजात. मग कमिटीला सांगेन की हे लिहिणाऱ्यानं दीड महिना आधी मुलीच्या दंडावरचे वळ पाहिले होते. तेवढं एक वाक्य त्यात लिहायचं राहिलं होतं, ते तोंडी घालतो. त्यानंतर ज्याला हा कागद मायाविरुद्ध पुरावा वाटेल, त्यानं हात वर करावा. मला ते हात बघायचे आहेत. तुझाही.

तिचं नाव यादीतून काढलंत, तर त्याच्या खालचं माझंही काढा. सोळाव्या वर्षापासून मी प्रभुभोजन चुकवलेलं नाही, कुसुमावती गेली त्या रविवारीही नाही. यंदा चुकेल. आणि तुमचा कीबोर्ड कोण वाजवणार ते आत्ताच बघून ठेवा, ईस्टरला चार आठवडे उरलेत.

सोमवारी मी तिच्याबरोबर कोर्टात जाणार आहे. वकिलीणबाई विचारतील, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. मी तारीख सांगणार आहे. त्यात तुझं नाव येणार नाही, त्याची काळजी करू नकोस. फक्त माझं येईल.

पत्राखाली मी नेहमी 'प्रभूमध्ये तुझा' असं लिहीत आलो. आज तिथे हात थांबतोय. ते पुन्हा लिहायचं की नाही हे रविवारनंतर बघू. दीपश्रीला सलाम.

मायाचा बाप,
सदाशिव